गोदामाची किल्ली

दसऱ्यापासून नूपुर शिवडीच्या गोदामात खोकी मोजत होती. आज परळच्या ऑफिसने तातडीने बोलावलं, तेव्हा ती गोदामाची किल्ली मुठीत घेऊनच आली. सगळे सर्व्हर सांभाळणारं सॉफ्टवेअर कोसळलं होतं. गुप्तेसाहेबांनी कपाटातून कुंकू लागलेली डिस्क काढली. खंडेनवमीच्या सकाळी, पूजेआधी नूपुरनेच घेतलेला बॅकअप. पूजेच्या आदल्या दिवशी साहेबांच्या हातून एक सर्व्हर उडाला होता. पूजा आटोपताच त्यांनी सॉफ्टवेअरमधल्या त्या दिवशीच्या नोंदी पुसून खापर तिच्यावर फोडलं आणि तिला गोदामात धाडलं. "जसं होतं तसं सगळं परत आण," साहेब काकुळतीला आले. "सगळं?" तिने डायरेक्टर मॅडमसमोर मुद्दाम विचारलं. "अगदी सगळं!" तासाभरात सर्व्हर पडद्यावर परतले, पाठोपाठ पुसलेल्या नोंदीही. "मॅडम, सर्व्हर कोणी उडवला, तुम्हीच वाचा." मॅडम वाचू लागल्या. साहेबांना दरदरून घाम फुटला. नूपुरने किल्ली त्यांच्यापुढे ठेवली. "तिथे पंखा नाही, साहेब. रुमाल न्या."