मोकळा हात

श्वासाची नळी घातलेल्या पेशंटचे हात पलंगाला बांधायचे, ही त्या अतिदक्षता विभागातली जुनी रीत होती. ‘बांधल्याने पेशंट उलट जास्तच बिथरतो,’ असं एका संशोधनात वाचून तिथल्या एका नर्सने मेट्रनना सांगितलं. मेट्रन म्हणाल्या, “मग आपल्याकडे काय होतं ते तपासून बघू. डॉक्टरांना मी विचारते, सुरुवात तू कर.” आज डॉक्टरांच्या परवानगीने ती एका म्हाताऱ्या शिंप्याच्या उशाशी उभी होती. बांधलेले हात ते गेले काही दिवस सारखे ओढत होते. नळी उपसली गेली तर क्षणात होत्याचं नव्हतं झालं असतं. “काका, हात सोडतेय. नळीला लावू नका हं,” म्हणत तिने पट्टीची गाठ सोडली. मनगटावर लाल वळ होता. हात सावकाश उठला आणि छातीवरून थेट तोंडाकडे निघाला. हात धरायला ती पुढे झाली. “थांब जरा,” मागून मेट्रन म्हणाल्या. बोटं नळीपाशी आली, तिला वळसा घालून वर गेली आणि नाक खाजवू लागली. काका कितीतरी वेळ खाजवत राहिले. त्यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी ओघळलं. इतके दिवस काका हात का ओढत होते, ते दोघींना एकदमच कळलं. “हे वाचलं होतंस कुठे?” मेट्रननी विचारलं. “नाही,” ती कशीबशी म्हणाली. “मग हे तू लिही.” तिने काकांचा हात हातात घेतला.