दुसरी खाच

"वहिनी, पट्टी हातात घ्यायच्या आधी उघड्या लोखंडाला हात लावायचा. अंगातली वीज तिथं उतरवायची. आणि पट्टी सरळ खुपसायची नाही. तिरकी धरायची, मग दाबायची. टक् वाजलं की बसली समजा."

जव्हारच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानातल्या हेमंतचे हे शब्द मनात घोळवत सुषमाने खिडकीच्या गजाला हात लावला. शेजारी बसलेल्या धोंडीबाईने तिचं पाहून गजाला हात लावला आणि तो कपाळाला नेला.

"झालं! लोखंडाचाही देव केलात," आरामखुर्चीतून राघो गुरुजी म्हणाले.

सुषमा नुसती हसली. सासऱ्यांना ती उलट बोलत नसे. ती उपास करी, ते तिला चिडवीत. त्यात दोघांचंही काही अडत नव्हतं.

अडलं होतं ते धोंडीबाईचं. सूर्यमाळहून दसऱ्याच्या बाजाराला ती झेंडू घेऊन मोखाड्याला आली होती, पदरात तीच ती सीडी पुन्हा बांधून. तिच्या लेकीचं, रुपीचं, लग्न तिकडे सिल्वासालाच लागलं. पाय मोडल्यामुळे आईला जाता आलं नाही. जावयाने लग्नाची फिल्म पाठवली, तर ती गावातल्या एकाही प्लेअरला कळेना. "आमच्या लॅपटॉपवर दाखवते," असं सुषमाने कबूल केलं. पण गुरुजींचा लॅपटॉप पडला जुना. मागच्या बाजारी फिल्म लावली तेव्हा नवरी झालेली रुपी दारातून आली, आणि मान वर करायच्या आधीच थिजली. गाणं मात्र पुढे चाललं.

"माजी पोर दगड झाली का काय?" धोंडीबाईने विचारलं होतं.

मेमरी कमी पडतेय, असं हेमंतचं म्हणणं पडलं. नाशिकहून मोडीत आलेल्या एका लॅपटॉपमधली पट्टी त्याने काढून दिली. यंत्राच्या पोटात अशा पट्ट्यांसाठी दोन खाचा असतात. एक भरलेली, दुसरी रिकामी.

"ती दुसरी खाच मेलेली आहे," गुरुजी म्हणाले. सकाळपासून त्यांचं हेच चाललं होतं. "झाकण उघडू नकोस. आहे तेही बिघडेल."

"हेमंत म्हणाला, खाच अशी सहसा मरत नाही. बघते तरी, बाबा."

तिला खरंच नवल वाटत होतं. या घरात कधी दुसरी पट्टी आलीच नाही. मग खाच मेली हे बाबांना कळलं कसं?

बाहेर हॉर्न वाजला. सूर्यमाळची जीप दारात होती. बॉनेटवर झेंडूचा हार, काचेवर कुंकवाचं बोट. ड्रायव्हर कान्हा खिडकीशी आला.

"मावशे, आटप. पाशिंजर खोळंबलंय." मग गुरुजींकडे पाहून, "काय गुरुजी! सगळ्या मोखाड्याने आपापली हत्यारं पुजली. तुमच्या यंत्राला एक फूल तरी?"

"यंत्राला वीज लागते, फूल नाही. चौथीत शिकवलं होतं तुला."

"तवा गावात वीजच नव्हती, गुरुजी!"

बायका हसल्या. कान्हा जीपकडे परतला. गुरुजी हसले नाहीत. त्यांची नजर सुषमाच्या हातातल्या स्क्रू ड्रायव्हरवर होती.

तिने बॅटरी काढून लॅपटॉप पालथा घातला होता. इतक्या वर्षांचा स्क्रू, गंजला असेल असं तिला वाटलं होतं. तो बोटाने फिरावा इतका सैल निघाला. तिने झाकण उचललं.

आत लाल होतं.

गंज नव्हता. तिने वाकून पाहिलं. झाकणाच्या आतल्या अंगाला कुंकवाची बोटं उमटली होती, एकावर एक. खालची काळपट, वरची अजून लाल. रिकाम्या खाचेत कुंकू माखलेले तांदळाचे दाणे घट्ट रुतले होते. अक्षता. घरात हे करणारी ती एकटीच, आणि तिने हे केलं नव्हतं.

"बाबा?"

गुरुजी खुर्चीतून उठून तिच्याजवळ येऊन बसले.

"तुझ्या सासूने, गोदाने, जाताना वदवून घेतलं होतं," ते अगदी हळू म्हणाले. "माझ्यामागं दसऱ्याला तुमच्या लिहिण्याच्या हत्याराला कुंकू लावत जा, म्हणाली. मी हो म्हटलं. पण जन्मभर ज्याला हसलो, ते लोकांसमोर करायची लाज वाटली गं. म्हणून आत लावत गेलो."

"आणि खाच?"

"ती बुजली ते कळलं. पण सांगणार कुणाला?"

सुषमाचा हात पुढे होईना. दसऱ्याच्या दिवशी कुंकू पुसायचं, तेही सासूबाईंच्या शब्दाचं? बाहेर कान्हाने पुन्हा हॉर्न दिला. धोंडीबाई आळीपाळीने दोघांकडे बघत राहिली.

गुरुजींनी खिडकीच्या गजाला हात लावला. कोरडा टूथब्रश घेऊन खाच स्वतः झाडली. रुतलेले दाणे लाकडी काडीने एकेक अलगद उचकटले. सुषमाने पदर पसरला, त्यांनी ते त्यात ठेवले. मग पट्टी तिरकी धरून तिने दाबली.

टक्.

पडद्यावर रुपी दारातून आली. एक पाऊल, दुसरं पाऊल. तिने मान वर केली.

"हसतेय गं! बाय माजी, हसतेय!" धोंडीबाई उभीच राहिली.

कान्हाने इंजिन बंद केलं. तो आत आला, त्याच्यामागून जीपमधली माणसंही आली. दार भरून गेलं. सुषमाने मागे वळून पाहिलं, तर गुरुजींची खुर्ची रिकामी होती.

ते देवघरातून बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात कुंकवाचा करंडा होता. कान्हाने बाजूला सरून त्यांना वाट करून दिली. रुपीच्या लग्नाची शेवटची अक्षता पडेपर्यंत गुरुजी त्या सगळ्या माणसांमध्ये थांबून राहिले, अनामिका कुंकवात बुडवून.