डिपॉझिट परत

पोशाख परत करायच्या खिडकीपुढे ओल्या माणसांची रांग लागली होती. वॉटर पार्क बंद व्हायला आलं होतं आणि सगळ्यांना आपापलं डिपॉझिट हवं होतं.

खिडकीच्या आत मुलगी उभी होती. पोशाख घ्यायचा, झटकायचा, उजेडाकडे धरायचा आणि शिवणीवरून अंगठा फिरवायचा, हे तिचं काम. अंगठ्याचं नख तिनं वाढवलेलं होतं. खिडकीवर बसणाऱ्या सगळ्यांनाच ते वाढवावं लागे. शिवण सापडली की नख आत घालायचं, हलकेच ओढायचं आणि गिऱ्हाइकासमोर पोशाख धरून म्हणायचं, "सर, इथे फाटलाय." की डिपॉझिट गेलं. गिऱ्हाईक दमलेलं असतं, कडेवर मूल झोपलेलं असतं. दोन शिव्या देऊन ते निघून जातं. हे नीट जमावं म्हणून मॅनेजरनं नव्या पोरींना जुन्या पोशाखांवर सराव दिला होता.

आज तो तिच्या मागेच स्टूल टाकून बसला होता. तिला नोकरीत कायम करायचं की घरी पाठवायचं, हे आज ठरणार होतं.

रांग सरकली आणि खिडकीशी तिची आई आली. सोबत आत्या.

आत्या सकाळपासून धुमसत होती. फाटकावर डबा काढून घेतला होता. पाण्याच्या बाटल्या तिच्यादेखत ओतून टाकल्या होत्या. घरचे कपडे चालत नाहीत म्हणून हे नायलॉनचे पोशाख भाड्यानं घ्यायला लावले. चपला ठेवायचे पैसे वेगळे, रबरी ट्यूबचे वेगळे. "आपल्या पोरीचं पार्क आहे, सगळं फुकट," असं सांगून आईनं तिला आणलं होतं. कर्मचाऱ्याच्या पासावर फुकट होतं ते नुसतं फाटक.

"पाणी तर गुडघाभरच आहे," आत्या मागच्या माणसाला म्हणाली. "बुडवतात ते सगळं खिडक्यांवर."

रांग हसली. मॅनेजरही हसला. तो कशालाही हसायचा.

आईनं आपला पोशाख घडी घालून आत सरकवला. "नमस्कार साहेब. बरं करते ना काम आमची?"

"आज कळेलच, मावशी. घरच्या माणसाला जी सूट देत नाही, ती कुणालाच देत नाही. आम्ही तेवढंच बघतो."

मुलीनं पोशाख झटकला. काखेखालच्या शिवणीवर तिचा अंगठा पोहोचला आणि थांबला. तिथे नवे टाके होते. बारीक, जवळजवळ, एका मापाचे. असे टाके ती लहानपणापासून पाहत आली होती. आई दवाखान्याच्या धुलाईखान्यात रोग्यांचे गाऊन आणि चादरी सांधायची. फाटकं कापड हातात आलं की ते तसंच पुढे ढकलणं तिला जमत नसे.

"मिळाला तेव्हाच उसवलेला होता गं," आई हळूच म्हणाली. "म्हटलं, तसाच परत केला तर तुझ्या पगारातून कापतील. पर्समध्ये सुई-दोरा असतोच."

"एवढ्यावर थांबली असती तर ठीक," आत्या म्हणाली. "कपडे बदलायच्या खोलीत बायकांनी बघितलं. मग काय, माझाही उसवलाय, माझाही उसवलाय! ही बया दिवसभर परक्या बायकांचे पोशाख सांधत बसली. पाण्यात उतरलीच नाही. त्या घसरगुंडीवर मी एकटीच आपटत होते."

रांगेतल्या दोघी आईकडे बघून ओळखीचं हसल्या.

मॅनेजरनं स्टूल पुढे ओढलं. "तपासणी पुरी कर," तो मुलीला म्हणाला.

मुलीनं आईकडे पाहिलं नाही. नख टाक्यांखाली घातलं आणि ओढलं. दोरा हलला नाही. तिनं पुन्हा ओढलं. मागची माणसं माना उंच करून बघू लागली.

"शेजारून घे," मॅनेजर म्हणाला. चुलीवरची भाकरी उलटायला शिकवावं, इतक्या मायेनं म्हणाला.

तिनं अंगठा बोटभर बाजूला सरकवला. नायलॉन मुळातच विरलेलं होतं. टर्रकन आवाज झाला. टाके जागच्या जागी राहिले आणि त्यांच्या कडेनं कापड फाटत कमरेपर्यंत गेलं.

मुलीनं पोशाख वर धरला. तिचा आवाज रोजच्यासारखाच निघाला. "मॅडम, इथे फाटलाय. डिपॉझिट परत मिळणार नाही."

"शाब्बास," मॅनेजर म्हणाला. "उद्यापासून तू कायम."

मघाच्या दोघींनी आपले पोशाख पोटाशी धरले.

आईनं फाटलेल्या कापडाकडे पाहिलं. मग मुलीच्या अंगठ्याकडे पाहिलं. ओल्या लादीवर ठेवलेली पर्स उचलून तिनं खांद्याला अडकवली.

"अगं, बोल की तिला काहीतरी," आत्या म्हणाली.

"चला वन्सं," आई म्हणाली. "या बाईंना त्यांचं काम करू द्या."