अंगी लागेना

बेकरीवाल्याची धाकटी लेक सारखं पोट बिघडून पार काडी झाली होती. कितीही खाल्लं तरी तिच्या अंगी लागत नव्हतं.

रिपोर्ट बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हिच्या आतड्याला गहू सोसत नाही. पाव, बिस्किटं कायमची बंद करा, पोर बाळसं धरेल. वेळेत आणलंत."

आईचा जीव भांड्यात पडला.

"हा आजार भावंडांतही असू शकतो. आणखी मुलं असतील तर त्यांनाही तपासून घेऊ."

बेकरीवाला हळूच म्हणाला, "मोठी होती. तिचंही असंच व्हायचं."

 

"शेवटपर्यंत मीच भरवायचो तिला. भट्टीतला ताजा पाव, दुधात कुस्करून."