उतरताना घ्या

मुंगीने डबा उघडला, आत पाहिले आणि झाकण पुन्हा लावून टाकले.

मागच्या बाकावर बसलेल्या बाई पुढे झुकून पाहू लागल्या. दुसरीच्या या वर्गात दर शनिवारी दुकान मांडले जाई. टेबलावर पेन्सिली, खोडरबर, वह्या. मुलांच्या हाती बाईंनी कापून दिलेल्या कागदी नोटा आणि पुठ्ठ्याची नाणी. दुकानदारापुढे पावतीच्या चिठ्ठ्या आणि गल्ल्याचा पत्र्याचा डबा. एरवी तो खेळ असे. आज ती परीक्षा होती, आणि तीही एकट्या मुंगीची. वजाबाकीचा पेपर तिने दोनदा कोरा दिला होता. तिला तिसरीत घालायचे की याच वर्गात पुन्हा बसवायचे, हे ठरवायला मुख्याध्यापक स्वतः येऊन बसले होते. पुन्हा बसवण्याचा फॉर्म भरून तयार होता. सही तेवढी राहिली होती. खेळ संपेपर्यंत बाईंनी अवाक्षर काढायचे नाही, असे त्यांनी आधीच बजावले होते. कारण लाडक्या मुलांना भुवयांनी उत्तरे सांगणाऱ्या शिक्षिका त्यांनी पुष्कळ पाहिल्या होत्या.

मुंगीचे वडील बसचे कंडक्टर. दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात, खांद्यावरची चामडी पिशवीही न उतरवता, ते परवा शाळेत येऊन गेले होते. सुट्टीच्या दिवशी पोरगी आपल्याबरोबर बसमध्येच असते, सगळा हिशेब तिच्या तोंडावर आहे, कागद समोर आला की मात्र तिची बोबडी वळते, असे त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितले होते. बाईंनी त्यांच्यावर विश्वास ठेवला, आणि मुख्याध्यापकांशी दोन दिवस वाद घालून ही शेवटची संधी पदरात पाडून घेतली.

पहिले गिऱ्हाईक एक उंच, फटकळ मुलगा होता. सातची पेन्सिल घेऊन त्याने विसाची नोट दिली. मुंगीने नोट डब्यात टाकली, चिठ्ठीच्या मागच्या बाजूला काहीतरी खरडले, चिठ्ठी त्याच्या हातात ठेवली आणि त्याच्या मागे उभ्या असलेल्या मुलीकडे मान वळवली.

"ए, माझे उरलेले?"

"उतरताना घ्या," मुंगी म्हणाली. "पुढे सरका."

वर्ग खिदळला. मुख्याध्यापकांनी पेनाचे टोपण काढले.

मागच्या दोन वेण्यांवालीने बाराची वही घेतली, तिनेही विसाची नोट दिली. तिलाही चिठ्ठीच मिळाली. पाच-सहा जणांनी नाण्यांत नेमके पैसे दिले, त्यांना मुंगीने नुसती मान डोलावून मोकळे केले. ज्यांना काही परत द्यायचे होते, त्यांच्या हाती मात्र तिने दमडी ठेवली नाही. अखेर मुख्याध्यापकच उठून रांगेत शिरले. चारचा खोडरबर उचलून त्यांनी पन्नासची नोट पुढे केली. त्यांनाही पुढे सरकायला सांगण्यात आले. चिठ्ठी उलटून न पाहताच त्यांनी ती रजिस्टरात खोचली आणि बाकावर परत येऊन ते हलक्या आवाजात म्हणाले, "बाई, तुमच्या या दुकानात वजाबाकी दिसली का कुठे? मला तर नुसती जमा दिसली."

बाईंनी डब्याकडे पाहिले. आणि त्याच क्षणी त्यांच्या ध्यानात आले, की मुंगीच्या आधी दोघांनी दुकान चालवले होते, आणि डब्यातली सगळी नाणी त्या दोघांनी वाटून संपवली होती. डबा पुन्हा भरायला त्या स्वतःच विसरल्या होत्या. पोरीच्या हाती त्यांनी रिकामा गल्ला दिला होता. हे सांगायला त्यांनी तोंड उघडले, तोच मुख्याध्यापकांनी बोट वर केले.

मधल्या सुट्टीची घंटा झाली. मुले दाराकडे धावली. पण डबा काखोटीला मारून मुंगी त्यांच्याआधी दारात पोहोचली होती. एक हात चौकटीला लावून ती आडवी उभी राहिली.

"चिठ्ठी दाखवा."

उंच मुलाने चिठ्ठी दाखवली. तिने ती उलटी केली, डब्यात हात घातला. एक दहा, एक दोन, एक एक. तेरा. चिठ्ठी टरकन फाडून तिने हात बाजूला घेतला आणि त्याला बाहेर सोडले. दोन वेण्यांवालीला पाच, दोन, एक. इतरांनी दिलेली नाणी आता परतीला लागली होती. ज्यांच्याकडे चिठ्ठी नव्हती ते आपले आपण निघून गेले. बाई मनातल्या मनात तिच्या मागोमाग मोजत होत्या. एकदाही त्यांना अडखळावे लागले नाही. एकेका फाटलेल्या चिठ्ठीगणिक त्यांचा जीव थोडा थोडा भांड्यात पडत गेला.

वर्ग रिकामा झाला. मुंगी दारातून हलली नाही.

"एक उतारू राहिलाय," ती म्हणाली.

मुख्याध्यापकांनी आधी बाईंकडे पाहिले, मग आपल्या मागे पाहिले. मग रजिस्टर उघडून त्यांनी चिठ्ठी काढली आणि पहिल्यांदाच उलटी केली. शेजारून बाईंनाही तो आकडा दिसला. सेहेचाळीस. आकड्यांचे पाय किंचित वाकडे, पण सेहेचाळीसच.

ते दाराशी गेले आणि त्यांनी चिठ्ठी पुढे केली. दोन विसाच्या नोटा, एक पाच, एक एक. त्यांनी ते पैसे दोनदा मोजले.

"बरोबर?" मुंगीने विचारले.

"बरोबर," ते म्हणाले.

तिने चिठ्ठी फाडली आणि चौकटीवरचा हात काढला. बिनसहीचा फॉर्म बाकावर तसाच टाकून मुख्याध्यापक बाहेर पडले. मुंगीने रिकाम्या बाकांवरून एकवार नजर फिरवली, आणि पत्र्याच्या डब्यावर बोटाने दोन टिचक्या वाजवल्या.