वासाच्या खोलीची किल्ली

"काका, आता कुठे आलो आपण?"

"ते सांगितलं तर परीक्षा कसली?"

नकटीच्या डोळ्यांवर काकांचा चौकड्यांचा रुमाल घट्ट बांधलेला होता. एक हात काकांच्या कोपरात होता. बागेत फिरायला आलेली माणसं थांबून थांबून बघत होती. कुणीतरी बाई खिदळली, "अगं बाई, आंधळी कोशिंबीर चाललीय!"

हसा, म्हणावं, काय हसायचं ते. आज किल्ली मिळाली की बघते एकेकाला.

तिचं नाक खरंच बसकं होतं, म्हणून नाव नकटी. पण अत्तराच्या कारखान्यात त्या नाकाच्या तोडीचं दुसरं नाक नव्हतं. अर्थात काकांचं सोडून. काका म्हणजे कारखान्याचे मालक. तेल कुठल्या शेतातलं आहे, हे बाटलीचं बूच निघता निघता सांगणारा माणूस. आता त्यांना वासाची खोली कुणाच्या तरी हाती सोपवायची होती. कुठल्या अत्तरात काय किती घालायचं हे त्या खोलीत ठरायचं. तिथे जो बसेल, कारखाना त्याचा.

काकांची अट साधी होती. नावांच्या पाट्या दिसू नयेत म्हणून डोळे बांधून बागेतले सगळे विभाग फिरायचे आणि वासावरून झाडं ओळखायची. एकही उत्तर चुकलं नाही तर किल्ली नकटीची. एक जरी चुकलं तरी पुतण्याची. पुतण्याला गुलाब आणि रॉकेल यांतला फरक कळत नसे, पण गप्पा मारण्यात तो कुणाला हार जायचा नाही.

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात ना, सकाळपासून तशीच गत होती. बस चुकली, चपलेचा अंगठा तुटला, तिकिटाची खिडकी उशिरा उघडली. पण एकदाची आत आली आणि तिचं नाक असं काही खुललं की बस्स!

"वाक," काका म्हणाले.

ती वाकली. "गुलाब. पण चहाच्या पानाची झाक आहे. पिवळा असणार."

टक्. काकांच्या चष्म्याची डबी उघडली. मग काका खाली वाकल्याची चाहूल.

"बरोबर!"

प्रत्येक विभागात हेच. तिचं उत्तर, मग टक्, मग वाकल्याची चाहूल, मग "बरोबर!" मसाल्यांच्या विभागात तिने दालचिनी आणि वेलदोडा पानांवरून ओळखले. औषधींच्या विभागात गवती चहा, सब्जा, वाळा. तळ्याकाठी ती म्हणाली, "कमळ. शिवाय शेवाळ. आणि इथे कुणीतरी आत्ताच संत्रं सोललंय."

"मी कमळ विचारलं. संत्र्याला मार्क नाहीत."

"काका, एक विचारू? वास ओळखायला चष्मा कशाला लागतो हो तुम्हाला?"

"परीक्षकाचा काही रुबाब नको?"

ती खळखळून हसली. तळ्याजवळच्या बाकावर दोघं जरा टेकले. रुमाल सोडायला काकांनी साफ नकार दिला.

"पण एवढी पायपीट कशाला, काका? कारखान्यात बाटल्यांची काय कमी आहे?"

"बाटलीतला वास मेलेला असतो, पोरी. जिवंत फुलापुढे नाक उभं कर, मग बघू."

हे तिला फार आवडलं. काका बोलले की असंच बोलायचे.

"परवा भट्टीवरचं भांडं करपलं तेव्हाही परीक्षाच घेत होतात ना माझी?" तिने विचारलं. ती अंगणाच्या टोकापासून बोंबलत पळत आली होती. काका भट्टीला लागूनच खुर्ची टाकून निवांत पेपर वाचत बसले होते.

"किती वेळात पोचतेस ते बघत होतो."

"पण भांडं गेलं ना!"

"भांडं काय, दुसरं येतं," काका म्हणाले. "नाक येत नाही. चल, ऊठ."

शेवटचं राहिलं होतं ते निवडुंगांचं काचघर. दार ढकलताच गरम हवा तोंडावर आली, आणि नकटीने नाक मुरडलं.

"शी! उंदीरबिंदीर मेलाय का हो इथे?"

"खत घातलं असेल. पळवाटा शोधू नकोस."

काका तिला धरून थेट टोकाला घेऊन गेले आणि तिथे एकदम थांबले. "अगं, काय फूल आहे! चांदणीसारखं, पंजाएवढं, वरून मखमल. असलं मी जन्मात पाहिलं नाही." कुंड्या सरकवल्याचा आवाज आला. "पाटी कुठे गेली याची? ... जाऊ दे. हेच शेवटचं. हे ओळखलंस की किल्ली तुझी."

त्यांच्या खिशात किल्ली वाजली. नकटीने आपोआप हात पुढे केला.

"थांब, आधी मी." काका वाकले. त्यांनी घेतलेला लांबलचक श्वास तिला ऐकू आला. "अहाहा! काय नाजूक सुगंध आहे! मन भरलं. ये, आता तू."

ती वाकली आणि तिने छाती भरून श्वास घेतला.

घाण त्या फुलाचीच होती. तिच्या गालाला माश्या लागत होत्या. एकदम तिला ते करपलेलं भांडं आठवलं, आणि दरवेळचं ते टक्. ओठांवर आलेलं "शी" तिने कसंबसं गिळलं.

"काय गं? सुचत नाही?" काकांनी विचारलं. त्यांनी तिचा हात कोपरात घट्ट दाबून धरला.

"सुचतंय ना," ती म्हणाली. रुमाल आतून ओला झाला होता. "मध आहे, काका. आणि किंचित जाई."

या वेळी डबी वाजली नाही.

"बरोबर!" काका म्हणाले, आणि त्यांनी किल्ली तिच्या तळहातावर ठेवली.