घाटावरची विहीण

"ऊठ म्हशी, खाऊन घे," असं लेकीची सासू ओरडताना आनंदीबायनं फोनवर ऐकलं आणि दुसऱ्याच दिवशी मालवणहून कोल्हापूरची एसटी धरली. घाटावरची माणसं आडदांड, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती. गरोदर लेकीला म्हैस म्हणणाऱ्या घरात ठेवायचं नाही, असं ठरवूनच तिनं उंबरा ओलांडला.

"या विहीणबाई, बसा. दमला असाल," सासू हौसाबाई म्हणाली. आनंदीबायला हे गोड बोलणं अगदी खोटं वाटलं. हौसाबाई चुलीकडे वळताच ती कुजबुजली, "रसिका, कपडे भर. घराक चल माझ्यावांगडा."

"कित्याक गो आये?"

"ती तुका म्हस म्हणता."

रसिका हसली. "परक्यांका त्या अहो-जाहो करतत. माका उलट्यो होत होत्यो, तेव्हा त्यांनीच चमच्यान पेज भरवल्यानी. म्हशी म्हणतच."

आनंदीबायला काही ते पटलं नाही. जेवताना तिनं अर्धी भाकरी तशीच ठेवली. ते दिसताच हौसाबाईचा आवाज चढला.

"ए बये, कोकणातनं हितं उपाशी मराय आलीयास व्हय? गिळ की गुमान." आणि आनंदीबायच्या ताटात आणखी एक गरम भाकरी पडली.

आनंदीबायनं लेकीकडे पाहिलं. दोन दिवस छातीवर बसलेला धोंडा उतरला होता.

"तूप पण वाढ मगे, म्हशी," ती विहिणीला म्हणाली.

हौसाबाई खो खो हसत तुपाचं भांडं घेऊन तिच्या शेजारीच बसली.